सुरीची वॉरंटी ‘चुकीचा वापर’ म्हणून नाकारली जाते तेव्हा: दोष घडणीचा की हाताळणीचा, हे कसे ठरवावे

गेल्या वर्षी मी आठ इंचांची एक सुरी ऑनलाइन मागवली. खोक्यावर पोलादाचा प्रकार आणि ‘कठीणपणा ५६ एचआरसी’ असे छापलेले होते, तर आतल्या कार्डावर उत्पादनातील दोषांबद्दल आजीवन वॉरंटी असल्याचे ठळक अक्षरांत लिहिले होते. पहिल्या आठवड्यात पिकलेला टोमॅटो हात न दाबता चिरला जात असे. तिसऱ्या आठवड्यात तीच धार कांद्याच्या सालीवरून घसरू लागली. दगडावर धार लावली की चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तक्रार केली, तेव्हा दोन ओळींचे उत्तर आले की धार बोथट होणे ही नैसर्गिक झीज असून ती वॉरंटीत येत नाही. शेवटी सुरी बदलून मिळाली, पण त्याला साडेतीन महिने लागले, आणि त्यांतले निदान दोन महिने माझ्याच तक्रारीच्या भाषेमुळे वाया गेले, कारण मी प्रत्येक पत्रात ‘धार टिकत नाही’ एवढेच लिहीत होतो.

धार न टिकणे हे लक्षण आहे आणि वॉरंटी लक्षणाला नव्हे, कारणाला मिळते. तेच लक्षण ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी चिरल्याने दिसते आणि कारखान्यात पात्याला नीट पाणी न दिल्यानेही, म्हणजे तापवून-थंड करून ते नीट कठीण न केल्यानेही, दिसते. यांतले कोणते, हे आपण सांगितले नाही, तर कंपनी आपल्या सोयीचे गृहीत धरते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी सुरीची तपासणी करावी, आणि तीही धार पुन्हा लावण्यापूर्वी करावी, कारण धार लावताना पुराव्याचाच काही भाग दगडावर घासून जातो.

प्रथम स्वतःला तपासावे. दगडी ओटा, काचेची पाटी, स्टीलचे ताट यांवर सुरी चालवली असेल, गोठलेल्या सुरमईचे तुकडे पाडले असतील, नारळाची करवंटी फोडली असेल किंवा कच्च्या फणसात पाते रुतवून पिळले असेल, तर तक्रार करण्यात अर्थ नाही. ही कामे कोयत्याची आणि विळीची आहेत. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडून एकदा जरी धार लावून घेतली असेल, तरी बहुतेक कंपन्या हात वर करतात, आणि या बाबतीत मला त्यांची बाजू पटते. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर धारेचा पातळ भाग क्षणात इतका तापतो की त्याचा कठीणपणा उतरतो, आणि नंतर तो कारखान्यात उतरला होता की रस्त्यावर, हे कोणालाच सांगता येत नाही.

येथेच एका गैरसमजाचाही निकाल लावलेला बरा. लोहचुंबक चिकटतो म्हणून स्टेनलेस स्टील बनावट आहे, अशी तक्रार अनेक जण करतात. भांड्यांच्या ३०४ प्रतीच्या पोलादाला लोहचुंबक सहसा चिकटत नाही हे खरे, परंतु ते पोलाद तापवून आणि थंड करून कठीण करता येत नाही. सुरीसाठी कठीण होणारेच पोलाद लागते आणि त्याला लोहचुंबक चिकटतोच. ज्या पात्याला तो चिकटत नाही, त्याच पात्याविषयी शंका घ्यावी.

आता मूळ दोषाकडे वळू. युरोपीय पद्धतीच्या सुऱ्यांत नेहमी आढळणाऱ्या पोलादात सुमारे ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते. पात्याला आकार दिल्यावर ते हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, झपाट्याने थंड करतात आणि नंतर ठिसूळपणा कमी करण्यासाठी बऱ्याच कमी तापमानाला पुन्हा तापवतात. आपल्याकडचे लोहार यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. कठीणपणा रॉकवेल मापनाने सांगतात. त्यात हिऱ्याची शंकूच्या आकाराची टोचणी दीडशे किलोग्रॅम भाराने पोलादावर दाबून ती किती खोल गेली हे मोजतात, आणि एचआरसी हा आकडा त्यातून येतो. वर सांगितलेल्या पोलादाच्या चांगल्या सुऱ्या साधारण ५४ ते ५८ या पट्ट्यात असतात, तर जास्त कार्बन असलेल्या व्हीजी-१० सारख्या जपानी पोलादाच्या सुऱ्या ६० च्या आसपास. पाणी कमी बसले तर धार मुडपते. पाणी जास्त बसले आणि पुन्हा तापवणे अपुरे राहिले तर धारेला दाते पडतात. दोन्ही दोष डोळ्यांना दिसत नाहीत, आणि खरेदीच्या वेळी ते ओळखण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाजवळ नसतो. माझ्या मते वॉरंटीने सर्वांत आधी भरून द्यायला हवा तो हाच दोष. तरीही बहुतेक कार्डांवर मूठ निघण्याची आणि पाते तुटण्याची हमी असते, आणि धार मात्र सरसकट वगळलेली असते. दोन आठवड्यांत कापेनाशी झालेली सुरी तुटलेली नाही, एवढ्यावर कोणी समाधान मानावे, हे मला कधीच पटलेले नाही.

हा दोष ओळखण्याची पहिली खूण म्हणजे झीज कोठे आहे ती जागा. सुरीची धार वर करून दिव्याखाली धरावी आणि टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत सावकाश पाहावी. तीक्ष्ण धारेवरून उजेड परत येत नाही. जेथे धार मुडपली किंवा सपाट झाली असेल, तेथे बारीक चमक दिसते. ही चमक पाटीवर सतत टेकणाऱ्या मधल्या भागातच असेल, तर ती वापराची झीज आहे. परंतु जो भाग पाटीला क्वचितच लागतो, म्हणजे टाचेजवळचा अर्धा इंच आणि अगदी टोक, तेथेही ती तेवढीच असेल, तर संपूर्ण पाते मऊ असल्याची शक्यता वाढते. दात्यांचेही तसेच आहे. एकाच ठिकाणी पडलेली खोल खाच म्हणजे सुरी कशावर तरी आदळली आहे. धारेच्या संपूर्ण लांबीवर वाळूच्या कणांएवढे असंख्य दाते म्हणजे बहुधा ठिसूळ पाते.

दुसरी खूण वेळाची आहे, आणि मी सुरुवातीला नेमकी हीच नोंदवली नव्हती. कारखान्यात शेवटची धार पुष्कळदा फिरत्या पट्ट्यावर लावतात. त्या वेळी पाणी किंवा गारवा कमी पडला, तर केवळ धारेचा अगदी कडेचा थर जळून मऊ होतो आणि त्यामागचे पोलाद मात्र उत्तम असते. अशी सुरी पहिल्या काही आठवड्यांत अतिशय निराश करते, पण दगडावर तीन-चार वेळा नीट धार लावून तो थर निघून गेला की एकाएकी सुधारते. उलट, संपूर्ण पात्याचेच पाणी उतरलेले असेल, तर दहा वेळा धार लावली तरी फरक पडत नाही. म्हणून पहिल्या तपासणीची छायाचित्रे काढून ठेवल्यावर लाकडी पाटीवरच वापर ठेवावा, कंपनीने सांगितलेल्या कोनात दगडावर धार लावावी आणि प्रत्येक वेळी धार किती दिवस टिकली हे तारखेसह लिहून ठेवावे. कोनाची नोंद महत्त्वाची आहे, कारण वीस अंशांसाठी बनवलेल्या पात्याला आपण पंधरा अंशांची धार लावली, तर ती मुडपते आणि तो दोष कंपनीचा नसतो. माझ्या वहीत पाच नोंदी झाल्या: चार दिवस, चार, पाच, चार, चार. सुधारणा नव्हती, म्हणजे केवळ कडेचा थर जळालेला नव्हता. या पाच आकड्यांनी जे काम केले, ते आधीच्या सहा पत्रांनी केले नव्हते.

यानंतर कठीणपणा मोजून घ्यायचा. भोसरीच्या औद्योगिक परिसरात पोलादाला उष्णता-प्रक्रिया देणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला पाच मिनिटांत मापन करून मिळाले. जेथे यंत्रकाम चालते, अशा बहुतेक शहरांत हे यंत्र कोणा ना कोणाकडे असते. दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्याव्यात. टोचणीचा खड्डा लहान असला तरी तो पात्यावर कायमचा राहतो आणि ‘ग्राहकाने वस्तूत फेरफार केला’ असे म्हणायला कंपनीला निमित्त मिळते. म्हणून मापनापूर्वी ईमेल करून, ‘आपण स्वतः मोजणार आहात का, नसल्यास अमुक तारखेला मी मोजून घेतो’ असे कळवावे आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी. शिवाय धारेजवळचा भाग फार पातळ आणि उतरता असल्याने तेथील आकडा विश्वासार्ह नसतो. मापन टाचेकडे, पाठीजवळच्या जाड भागात घ्यावे, तीन ठिकाणी घ्यावे, आणि कागदावर यंत्राची व तपासणाऱ्याची नोंद घ्यावी. माझ्या सुरीचे आकडे ५० ते ५१ च्या दरम्यान आले. खोक्यावर ५६ छापलेले होते. एक-दोन अंकांचा फरक कोणीही मान्य करील, पण पाच अंकांचा फरक म्हणजे व्यवहारात वेगळीच सुरी.

पाते तुटले असेल, तर तपासणी याहून सोपी आहे, फक्त ती त्याच दिवशी व्हायला हवी. दोन्ही तुकडे धुऊ नयेत आणि तंतोतंत जुळतात का हे पाहण्यासाठी एकमेकांना लावू नयेत; आधी तुटलेल्या तोंडाची जवळून छायाचित्रे काढावीत आणि मग ते कोरड्या कागदात वेगवेगळे गुंडाळावेत. आत्ताच तुटलेला भाग स्वच्छ, राखाडी दिसतो. त्या तोंडाचा एखादा कोपरा काळपट किंवा तपकिरी असेल, तर तेथे आधीपासून तडा होता आणि उरलेले पोलाद आज तुटले, असा त्याचा अर्थ होतो. पाणी देताना पात्याला पडलेला सूक्ष्म तडा असाच वर्षभर दबून राहू शकतो. तोंडावर साखरेसारखे चमकणारे जाड कण दिसले, तर पोलाद प्रमाणाबाहेर तापवले गेल्याची ती खूण आहे. चांगल्या पात्याचे तुटलेले तोंड मखमलीसारखे बारीक दिसते. सुरीने डब्याचे झाकण उचकटताना ती तुटली, तर तोंड स्वच्छ राखाडी असण्याचीच शक्यता अधिक, आणि अशा वेळी गप्प बसावे.

मुठीच्या तक्रारी पावसाळ्यानंतर वाढतात, आणि येथे निर्णय खरोखर अवघड असतो. लाकूड हवेतल्या ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. रत्नागिरीला जुलैत सपाट वाटणारी मूठ नागपूरच्या मे महिन्यात किंचित आकसून तिच्या कडेला पोलाद बोटाला लागू लागले, तर तो लाकडाचा स्वभाव आहे. मात्र पोलाद आणि लाकूड यांच्यामध्ये नखाचे टोक शिरेल एवढी फट नव्या सुरीतच असेल, रिव्हेटभोवती लाकूड चिरले असेल किंवा मूठ झटकल्यावर आत काही खुळखुळत असेल, तर तो जोडणीचा दोष आहे. त्या फटीतून पाणी आत जाते, मुठीत दडलेला पात्याचा भाग गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि मूठ आतून फाटते. मग कंपनी ‘सुरी पाण्यात भिजत ठेवली’ असे म्हणते. सुरी सिंकमध्ये रात्रभर पडत असेल, तर तेही खरे असते. पण मूठ एकाच बाजूला आणि मूळच्या फटीच्या रेषेतच फाटली असेल, तर पाणी कोणत्या वाटेने गेले हे उघड आहे. म्हणून खोके उघडताच मुठीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत. हा दोन मिनिटांचा उद्योग मी आता प्रत्येक सुरीसाठी करतो आणि घरात त्यावरून माझी थट्टाही होते.

गंजाबद्दल थोडक्यात सांगता येईल. स्टेनलेस म्हणजे न गंजणारे असा अर्थ नाही. सुरीच्या पोलादातील काही क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि संरक्षणाला उरत नाही, म्हणून मीठ, चिंच किंवा कोकम लागलेले पाते तासन्‌तास तसेच ठेवले तर त्यावर ठिपके येतातच. त्याच घरात, तशाच वापरातली दुसरी स्टेनलेस सुरी स्वच्छ राहते आणि नवी सुरी धुऊन पुसून ठेवली तरी त्याच त्याच जागी पुन्हा डागाळते, एवढे दाखवता आले तरच तक्रार करावी. कार्बन पोलादाच्या पात्यावर येणारी निळसर-करडी छटा मात्र दोष नव्हेच. थरांच्या, लाटांची नक्षी असलेल्या पात्यात दोन थरांमध्ये चीर दिसली किंवा पापुद्रा सुटला, तर तो निर्विवाद घडणीचा दोष आहे आणि त्यावर वाद घालणारी कंपनी मी तरी पाहिलेली नाही. नवे पाते पाठीकडून पाहिल्यावर बाकदार दिसले, किंवा धार सपाट पाटीवर टेकवल्यावर टाचेजवळ उजेडाची फट राहिली आणि त्यामुळे चिरलेला कांदा माळेसारखा जोडलेला राहू लागला, तर तेही दोषच; परंतु ते पहिल्या आठवड्यातच कळवावेत, कारण दोन वर्षे दगडावर घासलेल्या पात्यात अशी फट आपल्याच हाताने पडलेली असू शकते.

आता कायद्याचा आधार. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील दोषाच्या व्याख्येत, म्हणजे कलम २(१०) मध्ये, विक्रेत्याने वस्तूविषयी जे सांगितले त्यापेक्षा गुणवत्तेत राहिलेली उणीवही येते. खोक्यावर छापलेला ५६ हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा: कार्डाने धार वगळली असली, तरी आकडा वगळलेला नाही. माझ्या शेवटच्या पत्रात मी ‘धार टिकत नाही’ हे शब्द मुद्दाम टाळले आणि ‘खोक्यावर नमूद केलेला कठीणपणा वस्तूत आढळत नाही’ असे लिहिले. सोबत मापनाचा कागद, वहीतल्या नोंदी आणि छायाचित्रे जोडली. त्या पत्राला नऊ दिवसांत होकार आला.

होकार आला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्यात आहे. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्या तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. दोन हजारांच्या सुरीसाठी एवढे करावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी केले नसते, पण तशी तयारी असल्याचे पत्रात लिहिले होते.

येथे एक भेद अनेकांच्या नजरेतून सुटतो. याच कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते दोषयुक्त वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी किंवा इतर नुकसानीसाठी आहे. खुद्द वस्तूच खराब निघाली, एवढ्यासाठी नाही. नुसती सुरी खराब असेल, तर दुरुस्ती, बदली किंवा परतावा मागावा. मूठ निसटून हात कापला असेल, तर मात्र औषधोपचाराची कागदपत्रे जपून ठेवून त्या प्रकरणाचा आधार घ्यावा. परदेशी कंपनीवर भारतात नोटीस बजावता येत नसेल, तर अशा इजेच्या दाव्यात विक्रेत्यालाही जबाबदार धरता येते. मात्र जर्मनी किंवा जपानहून नातेवाइकांनी सामानातून आणलेल्या सुरीला येथे विक्रेताच नसतो, तेव्हा बिल त्यांच्याकडून मागून घ्यावे आणि दावा तिकडच्या दुकानामार्फत करावा. व्यापारी हेतूने खरेदी केलेली वस्तू या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, पण स्वतः राबून त्यावर पोट भरणारा खानावळवाला स्वयंरोजगाराच्या अपवादात बसतो. त्याने बिल घेताना याचा विचार करावा.

बदली सुरी आली, तेव्हा तिच्यासोबत नवे कार्ड होते, पण त्यावर तारीख नव्हती. वॉरंटी नव्याने सुरू होते की मूळ बिलापासून मोजली जाते, असे मी लेखी विचारले. मूळ बिलाचीच तारीख धरली जाईल, असे उत्तर आले. म्हणून जुने बिल, ते ईमेल आणि नव्या सुरीच्या मुठीची छायाचित्रे आता एकाच पाकिटात ठेवली आहेत, आणि वहीत नव्या पानावर पहिली नोंद आहे: अकरा दिवस.